निराशेच्या दिवसांतील निष्ठा



मिशनरी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक मूर्ति उभी राहते. डोक्यावर मोठी टोपी, हातांत पुस्तक, मागें दगडी शाळा किंवा दवाखाना, आणि चेहऱ्यावर कधींही न मावळणारा विश्वास. ही मूर्ति चरित्रकारांनीं घडविली आहे. त्या लोकांचीं पत्रें व रोजनिशा चाळूं लागलें म्हणजे निराळाच मनुष्य भेटतो. तो बहुधा आजारी असतो. घरच्या पत्राची वाट पाहून थकलेला असतो. आणि आपण येथें येण्यांत चूक तर केली नाहीं ना, हा प्रश्न त्याला रात्रीं झोंपूं देत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या मनुष्याविषयीं.

आरंभीं एक जुनी कथा सांगतों. ख्रिस्ती श्रोत्यांना ती ठाऊक आहे; इतरांनाही ती आवडेल. बायबलच्या जुन्या करारांत एलीया नांवाचा संदेष्टा आहे. कर्मेल डोंगरावर सर्व लोकांदेखत त्याचा मोठा विजय झाला. परंतु राणीनें आपला जीव घेण्याची शपथ वाहिली आहे असें कळतांच हा धीराचा पुरुष रानांत पळाला आणि एका रतामाच्या झुडुपाखालीं बसून देवाजवळ मरण मागूं लागला. अशा वेळीं त्याला कोणी खडसावील, निदान उपदेश तरी करील, अशी आपली अपेक्षा असते. देवदूतानें तसें कांहींच केलें नाहीं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें त्याच्या उशाशीं ठेवून, ऊठ, खा, एवढेंच त्यानें सांगितलें. एलीया जेवला आणि पुन्हां निजला. देवदूतानें त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हां जेवूं घातलें. प्रश्नोत्तरें झालीं तीं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोंचला तेव्हां. आणि तेथेंही त्याच्या रडगाण्याला लांबलचक उत्तर मिळालें नाहीं. अमक्याला अभिषेक कर, तमक्याला अभिषेक कर, अशीं तीन कामें त्याला नेमून दिलीं गेलीं. आणि तूं एकटा उरलास असें म्हणतोस, पण तुझ्यासारखे सात हजार अजून आहेत, अशी माहिती देण्यांत आली. आधीं अन्न, मग झोंप, मग काम, आणि शेवटीं सोबतीचें ज्ञान. निराशेवरील उपचाराचा हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपण बहुधा उपदेशापासून सुरुवात करितों.

आतां इतिहासाकडे वळूं. विल्यम केरी यांचें नांव आपणां मराठी लोकांस ठाऊक असतें तें त्यांनीं १८०५ सालीं केलेलें मराठीचें व्याकरण व १८१० सालचा मराठी-इंग्रजी कोश यांमुळें. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं हीं कामें केलीं. पण या ग्रंथांच्या मागें काय होतें हें फारसें कोणी सांगत नाहीं. केरी हे इंग्लंडांत जोडे शिवण्याचा धंदा केलेले गृहस्थ. १७९३ च्या नोव्हेंबरांत ते बंगाल्यांत उतरले. बरोबर पत्नी डॉरोथी, तिची बहीण, चार मुलें, व सहकारी डॉक्टर जॉन टॉमस. टॉमस यांच्या हातीं व्यवहार होता, आणि जवळचा पैसा पाहतां पाहतां संपला. परक्या शहरांत रहावयास जागा नाहीं, घरांत माणसें आजारी, अशी स्थिति झाली. पुढें उत्तर बंगाल्यांत नीळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली, तेव्हां पोटाची चिंता मिटली. पण १७९४ सालीं पीटर नांवाचा पांच वर्षांचा मुलगा हगवणीनें गेला. त्या लेंकराची खांच खणावयास माणूस मिळणेंसुद्धां कठीण पडलें. डॉरोथीबाईंच्या मनावर या सर्वांचा असा आघात झाला कीं त्यांचें चित्त भ्रमलें, तें १८०७ सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत ताळ्यावर आलें नाहीं.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. ही बाई हिंदुस्थानांत येण्यास मुळींच राजी नव्हती. शेवटच्या घटकेस, फार आग्रह झाला तेव्हां, ती निघाली. केरींच्या चिकाटीचें वर्णन करणारे पुष्कळ आहेत. पण पतीच्या निष्ठेचें मोल पत्नीनें भरलें ही गोष्ट उत्सवाच्या भाषणांतून गाळली जाते. ती गाळूं नये. शेजारच्या खोलींत पत्नी आक्रोश करीत आहे आणि इकडे पति भाषांतराचें काम करीत आहे, हें चित्र मीं जेव्हां जेव्हां मनापुढें आणिलें तेव्हां तेव्हां माझा आदर व माझी अस्वस्थता हीं दोन्हीं सारखींच वाढलीं.

सात वर्षें अशीं गेलीं. या सात वर्षांत एकाही बंगाली मनुष्यानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. मध्यंतरीं केरी हुगळीकांठच्या श्रीरामपुरास (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर तें निराळें) रहावयास गेले. तेथें २८ डिसेंबर १८०० रोजीं कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें हुगळी नदींत बाप्तिस्मा घेतला. ज्या दिवसाची सात वर्षें वाट पाहिली तो दिवस उगवला; पण त्या दिवशींही डॉरोथीबाई आपल्या खोलींत कोंडलेल्या होत्या, आणि डॉक्टर टॉमस यांची बुद्धि हर्षाच्या अतिरेकानें चळल्यामुळें त्यांनाही कोंडून ठेवावें लागलें होतें. आनंद आला तोही असा.

पुढें अकरा वर्षांनीं, ११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं, श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. कागदाचे गठ्ठे, अनेक लिप्यांचे खिळे, आणि त्याहून वाईट म्हणजे हस्तलिखितें जळालीं. त्यांत संस्कृतासह अनेक भाषांच्या कोशाचा खर्डा होता, तेलुगु व पंजाबी भाषांच्या व्याकरणांचे कागद होते. नक्कल कोठें ठेवलेली नव्हती. छापण्याचीं यंत्रें व खिळ्यांचे मूळ ठसे मात्र वांचले. दुसऱ्या दिवशीं राख चिवडून वितळलेलें शिसें गोळा करण्यांत आलें आणि कांहीं आठवड्यांत त्याचे नवे खिळे पडूं लागले. एकदां चाललेली वाट दुसऱ्यांदा चालतांना पाऊल अधिक खात्रीनें पडतें, अशा अर्थाचें कांहींसें केरी म्हणाले. हें वाक्य मी फार वेळां ऐकलें आहे, आणि तें खरेंही आहे. परंतु त्यांचें वय त्या वेळीं पन्नाशीला टेकलें होतें, हेंही ध्यानांत ठेवावें. त्या वयांत जळलेला कोश पुन्हां पहिल्या शब्दापासून लिहावयास बसणें म्हणजे काय, हें ज्यानें एखादी वही हरविली आहे त्यालाच कळेल.

या आगीनंतर तीनच महिन्यांनीं, जूनमध्यें, कांहीं तरुण अमेरिकन पाहुणे श्रीरामपुरास केरींच्या घरीं उतरले. त्यांची हकीकत आपल्या मुंबईशीं येऊन मिळते.

अमेरिकेंतून परदेशीं धाडलेली ही पहिलीच मिशनरी मंडळी. १८१२ च्या फेब्रुवारींत सेलम गांवीं पांच तरुणांना दीक्षा देण्यांत आली. त्यांतील तिघे पुढें मुंबईस आले: गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व सॅम्युएल न्युएल. ही मंडळी दोन जहाजांनीं कलकत्त्यास पोंचते न पोंचते तोंच कंपनी सरकारनें परत जाण्याचा हुकूम सोडला. सरकारला मिशनरी नको होते. त्यांतून इंग्लंड व अमेरिका यांच्यांत त्याच जूनमध्यें युद्ध जुंपलें. मंडळी पांगली. दोघे सहकारी मतभेदामुळें दुसऱ्या पंथांत गेले. न्युएल आपल्या पत्नीसह मॉरिशस बेटाकडे निघाले. जहाजावर त्यांना मुलगी झाली, ती थोड्याच दिवसांत गेली. आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पत्नी हॅरिएटही क्षयानें मरण पावली. तिचें वय एकोणीस वर्षांचें होतें. ज्या कामाकरितां ती घरून निघाली त्यांतील एक दिवसाचेंही काम तिच्या हातून झालेलें नव्हतें.

हॉल व नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. येथेंही तोच हुकूम वाट पाहत होता. गव्हर्नर सर ईव्हन नेपियन हे मनानें सज्जन व धर्मशील होते. त्यांनीं होईल तितका विलंब लावला. पण वरून दडपण आलें तेव्हां या दोघांनीं न सांगतां एका गलबतांतून कोचीन गांठलें. तेथून त्यांना धरून मुंबईस आणण्यांत आलें. गव्हर्नरसाहेबांना साहजिकच हा विश्वासघात वाटला. मला स्वतःला हें पळून जाणें पटत नाहीं. परंतु त्यानंतर हॉल यांनीं जो अर्ज लिहिला त्यांत लपवालपव नव्हती. आम्हांला ज्यानें पाठविलें त्याची आज्ञा मोडून आम्हीं आपखुषीनें परत कसें जावें, हा त्याचा आशय. त्यांना इंग्लंडास पाठविण्याचें अखेर रहित झालें. त्याच वर्षीं विलायतेंत कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, त्याचाही उपयोग झाला.

मोठी परीक्षा झाली असें येथें एखाद्याला वाटेल. वस्तुतः ती पुढेंच होती. छळ, बंदी, आग, यांत मनुष्याला एक प्रकारचा जोर चढतो. जोर ओसरतो तो मागाहून, जेव्हां कोणी अडवीत नाहीं आणि कोणी ऐकतही नाहीं तेव्हां. हॉल रोज मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या आवारांपाशीं, तळ्यांच्या कांठीं उभे राहून नुकत्याच शिकलेल्या मराठींत बोलत. कोणी हंसत, कोणी वाद घालीत, बहुतेक आपल्या वाटेनें जात. त्यांच्या बोलण्यांत आपल्या पूर्वजांच्या धर्माविषयीं जो कठोरपणा असे तो मला आजही रुचत नाहीं, आणि न ऐकणारांचा सगळाच दोष होता असें मी म्हणणार नाहीं. १८१५ सालीं नॉट प्रकृति ढांसळल्यामुळें स्वदेशीं गेले. १८१९ सालीं एका मनुष्याचा बाप्तिस्मा झाला. तो हैदराबादकडील मुसलमान होता, नांव कादर यार खान. १८२१ च्या मे महिन्यांत न्युएल पटकीनें वारले. १८२५ सालीं हॉल यांची पत्नी व दोन मुलगे प्रकृतीकरितां अमेरिकेस निघाले. एक मुलगा प्रवासांतच गेला. हॉल मागें राहिले.

१८२६ च्या आरंभीं ते नाशिकाकडे गेले. तेथें पटकीची सांथ होती. जवळचीं पुस्तकें व बहुतेक सर्व औषध वांटून ते परत फिरले. वाटेंत एका खेड्यांत मुक्काम पडला असतां पहांटे त्यांना स्वतःलाच पटकी झाली आणि कांहीं तासांत सर्व आटोपलें. तारीख २० मार्च. वय एकेचाळीस. बरोबरच्या मंडळींनीं त्यांना तेथेंच पुरलें. नव्या कराराचें मराठी भाषांतर त्याच वर्षीं छापून पुरें झालें. तेरा वर्षांच्या श्रमांनंतर मंडळींत आलेल्या माणसांची गणती करावयास हाताचीं बोटें पुष्कळ झालीं असतीं.

गणतीचा विषय निघाला म्हणून एक घरची गोष्ट सांगतों. मी तरुणपणीं एका खेड्यांतील मिशनच्या शाळेवर मास्तर होतों. वर्षाअखेरीस वरून एक छापील तक्ता येई. त्यांत पटावरील मुलें, सरासरी हजेरी, फी, आणि शेवटच्या रकान्यांत नवे बाप्तिस्मे, असे आंकडे भरावयाचे असत. त्या शेवटच्या रकान्यांत मीं लागोपाठ चार वर्षें शून्य लिहिलें. पांचव्या वर्षीं हात थांबला. एक कुटुंब बरेच दिवस प्रार्थनेस येत होतें. तें पुढेंमागें येईलच, तेव्हां आतांच लिहिलें तर काय बिघडलें, असें मनांत आलें. गांवांत एक वृद्ध बायबलवाचक होते. त्यांना मीं तक्ता दाखविला. त्यांनीं चष्मा पुसला, कागद पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, रकाना खरा भरा. पोरांचा उद्यांचा धडा काढून ठेवा. आणि आज जेवलांत का?” मी जेवलों नव्हतों. त्यांच्या घरीं बाजरीची भाकर व मिरचीचा ठेंचा खाल्ला आणि परत येऊन शून्य लिहिलें. तें कुटुंब पुढें आलें नाहीं.

या गोष्टीवरून मला जें समजलें तें असें. निराशेंत मनुष्य काम टाकून जाईल, हें भय लोकांना वाटतें. पण त्याहून मोठें भय दुसरें आहे. तो काम न टाकतां खोटें बोलूं लागतो. रकाना फुगवितो, लोकांना आमिष दाखवितो, किंवा लोकांवरच चिडून त्यांना जड, कृतघ्न म्हणूं लागतो. बाहेरून पाहतां तो अजून जागेवरच असतो. दुष्काळांत धान्यासाठीं आलेल्यांची नांवें नोंदवून त्यांना श्रद्धावंत म्हणण्याचा मोह कित्येकांना झाला, आणि त्यामुळें ख्रिस्ती मंडळीचें जें नुकसान झालें तें शून्यानें कधींच झालें नसतें. जो शून्य लिहूं शकतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वेळेवर घंटा वाजवितो, तो निष्ठावंत, असें मी समजतों.

यावरून कोणी असा अर्थ घेऊं नये कीं जागेवर मरेपर्यंत राहणें म्हणजेच निष्ठा. नॉट परत गेले म्हणून कांहींनीं त्यांना हॉल यांच्या शेजारीं उभे करून लहान ठरविलें. हा अन्याय आहे. ज्याला येथील हवा जगूं देत नाहीं त्यानें येथें राहून सहकाऱ्यांना आपली शुश्रूषा करावयास लावावी, यांत कोणती सेवा? नॉट यांनीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एका मंडळीचें पाळकपण पतकरलें व तें पुष्कळ वर्षें केलें. डॉरोथीबाईंना जर वेळींच परत पाठविलें असतें तर केरी कमी निष्ठावंत ठरले असते काय? मला तसें वाटत नाहीं.

आणखी एक निराशा आहे, तिच्याविषयीं मिशनचे अहवाल मौन पाळतात. ती आपल्याच माणसांकडून येते. श्रीरामपूरच्या मंडळींनीं मिळवितां येईल तो पैसा कामांत घातला. तरी हे लोक तिकडे ऐषआरामांत राहतात अशी कुजबूज इंग्लंडांत झाली. जुने स्नेही एकामागून एक मरून गेले, नवे चालक आले, त्यांना यांची ओळख नाहीं. पैशांचा व मालमत्तेचा तंटा वाढत गेला, आणि १८२७ सालीं केरी व त्यांचे सोबती ज्या संस्थेनें त्यांना पाठविलें तिच्यापासूनच वेगळे झाले. केरी तेव्हां पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं बावीस वर्षें ख्रिस्ती मंडळींत काढल्यावर १९१७ सालीं अमेरिकन मिशनची नोकरी सोडली. मिशनचें साहेबी वळण आणि आपल्या लोकांची भक्ति यांचा सांधा जुळेना, हें त्यांचें दुःख होतें. मिशन सोडलें, ख्रिस्त सोडला नाहीं. परक्याची शिवी मनुष्य विसरतो. घरच्यांचा अविश्वास फार दिवस टोंचतो. यावर मला कोणताही उपाय ठाऊक नाहीं. टिळकांनीं देवाचा दरबार स्थापिला, केरी भाषांतराच्या मेजाशीं परत गेले. दोघांनींही तंट्याला आपला सगळा दिवस दिला नाहीं, एवढें खरें.

तक्त्याच्या रकान्यांत जें मावत नाहीं त्याचा थोडा हिशेब सांगून मी आटोपतें घेतों. १८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल हे मुंबईस आले, आणि हॉल व न्युएल यांच्या मदतीनें १८१७ पासून मिशनचा मराठी छापखाना सुरू झाला. पुढें या छापखान्यांत गणपत कृष्णाजी नांवाचे गृहस्थ कामास होते. तेथील विद्या शिकून त्यांनीं स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें. हॉलसाहेबांना हें पाहून काय वाटलें असतें याची कल्पना करून मी पुष्कळदां मनांत हंसतों. सुवार्तेकरितां आणलेल्या यंत्राशेजारून पंचांगकर्ता निघाला!

सिंथिया फरार या अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या व मुलींच्या शाळा चालवूं लागल्या. मुलींना शाळेंत कोणी पाठवीना, पाठविल्या तर त्या टिकत ना. आज आलेली मुलगी उद्यां लग्न होऊन सासरीं जाई. पुढें त्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेल्या, आणि १८६२ सालीं तेथेंच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनांत मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, हें जोतीरावांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. आणि १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं ती काढली. फरारबाईंच्या अहवालांत त्या भेटीचा रकाना असणें शक्य नव्हतें. दोन तरुण आले, शाळा पाहिली, परत गेले, एवढीच ती घटना.

त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत पुढें जावजी दादाजी नांवाचा एक गरीब पोरगा लहानपणींच नोकरीस लागला. खिळे घांसतां घांसतां तो खिळे पाडण्याची विद्या शिकला. मोठेपणीं त्यानें जो निर्णयसागर छापखाना काढला त्यांतून संस्कृत व मराठी ग्रंथ इतके सुबक निघाले कीं काशीपर्यंतच्या शास्त्र्यांनीं ते हातीं धरले. निर्णयसागराची स्थापना १८६९ सालची. त्याच सालीं कनेक्टिकटमध्यें सॅम्युएल नॉट वारले. सेलमला दीक्षा घेतलेल्या पांच तरुणांपैकीं ते शेवटचे, आणि मुंबईंत त्यांनीं काढलेलीं वर्षें जेमतेम अडीच होतीं.